स्टॉकहोमची तीन व्याख्याने आणि गोंडपिपरी तालुका : हवामान बदलविषयक विद्यापीठीय व्याख्यानांची चिकित्सा

बीजसंज्ञा : हवामान बदल, सार्वजनिक व्याख्यान, वटावाचा दर, सामाईक संसाधने, निस्तार, सामूहिक वनहक्क

प्रास्ताविक

विद्वानाने वर्गाबाहेरच्या श्रोत्यांसमोर बोलावे ही प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे विद्यापीठांच्या बहि:शाल शिक्षण मंडळांनी हीच प्रथा तालुक्यांच्या गावांपर्यंत नेली. या व्यासपीठावर पर्यावरण हा विषय तुलनेने उशिरा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर बऱ्याच काळाने, २००३-०४ च्या सुमारास, विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास अनिवार्य केला आणि त्यानंतर महाविद्यालयांतून ‘जागतिक तापमानवाढ’ या विषयावरील व्याख्यानांना बहर आला. या व्याख्यानांचा साचा आता सर्वांच्या परिचयाचा आहे. वितळणारे हिमनग, बुडू पाहणारी बेटे, क्योटो आणि पॅरिस येथील करार, शेवटी झाडे लावण्याचे आवाहन आणि आभारप्रदर्शन. व्याख्यान चंद्रपूरला झाले काय किंवा रत्नागिरीला झाले काय, मजकुरात फारसा फरक पडत नाही.

हा फरक का पडत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर वक्त्यांच्या आळसात शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. हा साचा जिथून आला त्या मूळ व्याख्यानांकडेच पाहावे लागते. योगायोग असा की विज्ञान, अर्थशास्त्र आणि धोरण या तिन्ही अंगांची तीन महत्त्वाची व्याख्याने एकाच शहरात आणि एकाच संस्थेच्या व्यासपीठावर झाली. स्वान्ते अर्‍हेनियस यांचे १८९६ चे लोकसुलभ व्याख्यान स्टॉकहोम होगस्कूला या संस्थेत झाले, आणि हीच संस्था १९६० मध्ये स्टॉकहोम विद्यापीठ झाली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे ८ डिसेंबर २००९ चे आणि विल्यम नॉर्डहाउस यांचे ८ डिसेंबर २०१८ चे नोबेल व्याख्यान याच विद्यापीठाच्या आउला माग्ना सभागृहात झाले. ऑस्ट्रॉम बोलत होत्या तेव्हा कोपनहेगन येथे, आणि नॉर्डहाउस बोलत होते तेव्हा काटोवित्से येथे, हवामान परिषद चालू होती.

या तीन व्याख्यानांचे वाचन येथे चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याच्या संदर्भात केले आहे. हा तालुका वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधला आहे. या नद्या पुढे एकत्र येऊन प्राणहिता होतात. धान, कापूस, सोयाबीन ही येथील पिके, आणि बांबू, मोह, तेंदू ही येथील जंगलाची मिळकत. जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आणि २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. हवामान बदलाचे कारण आणि परिणाम इतक्या जवळ नांदणारे प्रदेश फार थोडे असतील. व्याख्यानाची कसोटी घ्यायची तर ती अशा ठिकाणी घ्यावी.

विज्ञान : सरासरीचे बळ आणि तिची मर्यादा

अर्‍हेनियस यांचा मूळ शोधनिबंध १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी वाढेल असा हिशेब त्यांनी कागद-पेन्सिलीने केला. आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालात हीच वाढ बहुधा २.५ ते ४ अंशांच्या दरम्यान असेल असे म्हटले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एकट्या माणसाच्या हिशेबाला ही मोठीच दाद म्हणावी लागेल. मात्र ही वाढ होण्यास हजारो वर्षे लागतील असे त्यांना वाटत होते, आणि थंड प्रदेशातील लोकांना ती सुखावह वाटेल असे त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेही. स्वीडनमध्ये बसलेल्या विद्वानाचे हे मत समजण्याजोगे आहे. त्यांचा हिशेब पृथ्वीचा होता, पण त्यावरचा अभिप्राय स्टॉकहोमचा होता. त्याच काळात वरोऱ्याच्या सरकारी खाणीतून कोळसा निघत होता. ती खाण १८७० च्या दशकापासून चालू होती. चांदा जिल्ह्यातील उन्हाळ्याचा अनुभव घेतलेल्या माणसाने या वाढीला सुखावह म्हटले नसते, एवढे नक्की.

हवामानविज्ञानाची शक्ती सरासरीत आहे. एका दिवसाच्या उष्णतेवरून काही सिद्ध होत नाही. मे २०१९ मध्ये चंद्रपूरला ४८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, हे वाक्य व्याख्यानात टाळ्या मिळवते, पण पुरावा म्हणून ते एकटे उभे राहत नाही. पुरावा दीर्घकालीन नोंदींतून मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात उन्हाळी मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. भारतातील वाढ जगाच्या मानाने कमी का, या प्रश्नाचे उत्तर याच अहवालात आहे : धूर आणि धूलिकणांमुळे सूर्याची काही उष्णता जमिनीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे कोळशाच्या धुराड्यातून निघणारा वायू तापमान वाढवतो आणि त्याच धुराड्यातून निघणारे कण त्या वाढीचा काही भाग झाकून ठेवतात. कण काही दिवसांत खाली बसतात, वायू मात्र शतकानुशतके टिकतो. ही गोष्ट धुराडी रोज पाहणाऱ्या श्रोत्यांना सांगण्यासारखी आहे. साचेबंद व्याख्यानांत ती क्वचितच येते, कारण तेथे सगळे लक्ष हिमनगाकडे असते.

शब्दाचीही एक अडचण आहे. मराठीत ‘हवामान’ हा शब्द आजच्या पावसालाही चालतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही चालतो. हवामान खाते उद्याचा अंदाज देते. त्यामुळे ‘हवामान बदल’ हा शब्द ऐकणाऱ्या शेतकऱ्याला तो नेहमीचाच वाटतो. हवामान बदलायचेच, त्यात नवे काय? शासनाने आपल्या विभागाचे नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे ठेवले, पण त्यानेही अडचण सुटत नाही. वक्त्याने व्याख्यानाच्या सुरुवातीची पाच मिनिटे या शब्दासाठी द्यायला हवीत. इंग्रजी स्लाइडवर बोट ठेवून पुढे जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

अर्थशास्त्र : वटावाचा दर आणि छताखालचे जग

नॉर्डहाउस यांच्या व्याख्यानाचे शीर्षक, मराठीत सांगायचे तर, हवामान बदल हे अर्थशास्त्रापुढील अंतिम आव्हान होय असे होते. त्यांना पारितोषिक जाहीर झाले तो दिवस ८ ऑक्टोबर २०१८ हा होता. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याविषयीचा आंतरशासकीय समितीचा अहवालही त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. एका दिवसाच्या या दोन बातम्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. नॉर्डहाउस यांच्या प्रारूपात खर्च आणि लाभ यांचा मेळ घालून निघणारा ‘इष्टतम’ मार्ग २१०० साली सुमारे ३.५ अंशांच्या वाढीपाशी जातो. त्यांनी हे लपवले नाही, व्याख्यानातील आलेखात ते स्पष्ट दिसते. त्यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यायची ती त्यांच्या मोजमापाच्या साधनांविषयी घ्यावी लागते.

पहिले साधन वटावाचा दर. हुंडी मुदतीपूर्वी वटवताना व्यापारी जशी रक्कम कापून घेतो, तशी अर्थशास्त्रज्ञ भविष्यातील नुकसानीची आजची किंमत कापून काढतो. शंभर वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या नुकसानीची किंमत दरसाल ४ टक्के वटावाने आज सुमारे २ रुपये भरते, आणि १.४ टक्के वटावाने सुमारे २५ रुपये. निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी २००६ मध्ये केलेल्या अहवालात दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे अल्प दर घेतला होता. नॉर्डहाउस यांचा दर पहिल्या प्रकारच्या जवळ जातो. दोघांच्या निष्कर्षांतील बरीचशी तफावत एवढ्या एका आकड्यातून येते. नॉर्डहाउस यांचे समर्थन असे की बाजारातील व्याजदर पाहूनच हा दर ठरवला पाहिजे, नपेक्षा अर्थशास्त्रज्ञ आपली नीती इतरांवर लादतो. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण बाजारातील दर निवडणे हीसुद्धा एक नीतीच आहे. धानाचे शेत साफ करताना बांधावरचे मोहाचे झाड राखणारा शेतकरी ज्या हिशेबाने वागतो, त्यात ४ टक्क्यांचा वटाव बसत नाही. आजोबांनी राखलेल्या झाडाची फुले नातवंडे वेचतात, हे या भागात नवल नाही. हा भावनेचा प्रश्न नसून वेगळ्या वटावदराचा आहे, आणि अर्थशास्त्राने त्याची दखल घ्यायला हरकत नव्हती.

दुसरे साधन नुकसानीचे फल. या प्रारूपाच्या २०१६ च्या आवृत्तीत ३ अंशांच्या वाढीने जागतिक उत्पन्नाचे सुमारे २.१ टक्के आणि ६ अंशांच्या वाढीने सुमारे ८.५ टक्के नुकसान होईल असे धरले आहे. हा आकडा इतका लहान कसा, याचे मूळ १९९१ च्या त्यांच्या एका लेखात सापडते. त्यात अमेरिकेच्या उत्पन्नापैकी सुमारे ८७ टक्के भाग हवामानाचा जवळजवळ परिणाम न होणाऱ्या क्षेत्रांतून येतो असे गृहीत धरले होते. कारखाने, कचेऱ्या, बँका, सगळे छताखाली. अमेरिकेपुरते हे गृहीतक कितपत खरे होते हा निराळा प्रश्न आहे. गोंडपिपरी तालुक्यात मात्र प्रमाण जवळपास उलटे करावे लागेल. धानाची रोवणी, कापसाची वेचणी, बांबूची तोड, मेच्या उन्हात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणे, वीटभट्टी, रस्त्याची मजुरी, यांपैकी काहीच छताखाली होत नाही. मागील शतकात उत्पन्नाचा जो भाग अमेरिकेत १३ टक्क्यांच्या रकान्यात गेला, तोच येथे संसार आहे.

या प्रारूपात आणखी एक बाब आहे. पैशात न मोजता येणाऱ्या नुकसानीसाठी, म्हणजे जैवविविधता आणि तत्सम गोष्टींसाठी, मोजलेल्या नुकसानीवर सरसकट २५ टक्के भर घातली आहे. ताडोबाचा वाघ, मोहाचा बहर, वणव्यात जळालेली रोपे ही सर्व या पंचवीस टक्क्यांत आली असे मानायचे. किराणा दुकानदार वहीच्या शेवटी ‘किरकोळ’ म्हणून एक आकडा टाकतो, त्या जातीचा हा आकडा आहे.

तरीही नॉर्डहाउस यांचे व्याख्यान बाजूला ठेवता येत नाही. कार्बनला किंमत लावा, हे त्यांचे मुख्य सांगणे योग्यच आहे, आणि भारतात त्याचा एक प्रयोग होऊनही गेला आहे. कोळशावर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो वाढत वाढत ४०० रुपयांवर गेला. एक टन कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरल्यास वायूच्या टनामागे हा कर अडीचशे-पावणेतीनशे रुपये होतो. नॉर्डहाउस यांच्या २०१६ च्या प्रारूपातील २०१५ सालासाठीची किंमत सुमारे ३१ डॉलर होती. त्या मानाने आपला कर किरकोळ असला तरी दिशा बरोबर होती. पण जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर राज्यांच्या भरपाईच्या उपकरात विलीन झाला, आणि स्वच्छ ऊर्जेशी असलेले त्याचे नाते संपले. सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरील हा भरपाई उपकर काढून टाकण्यात आला व कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. ज्या जिल्ह्यातून कोळसा निघाला त्या जिल्ह्याच्या पाण्याला, सावलीला, दवाखान्याला या पैशातून काय मिळायला हवे होते, हा प्रश्न कार्बनच्या किमतीच्या सिद्धांतात येत नाही. सिद्धांताला किंमत ‘योग्य’ असण्याशी कर्तव्य आहे, वसुलीचे पुढे काय होते ही त्याच्या दृष्टीने दुसऱ्या खात्याची बाब आहे. चंद्रपूरच्या सभागृहात श्रोत्याने पहिला प्रश्न नेमका हाच विचारला पाहिजे.

धोरण : निस्ताराच्या भूमीत ऑस्ट्रॉम

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे व्याख्यान हवामान बदलावर नव्हते. बाजार आणि शासन यांच्या पलीकडील व्यवस्था हा त्याचा विषय. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक बँकेसाठी त्यांनी लिहिलेल्या निबंधात हाच विचार हवामान बदलाला लावलेला आहे. दोन्ही एकत्र वाचल्यास चित्र पुरे होते. सगळे देश एका कागदावर सही करतील तोवर थांबण्यात अर्थ नाही. गाव, शहर, राज्य, देश अशा अनेक केंद्रांनी आपापल्या पातळीवर एकाच वेळी काम केले पाहिजे, कारण उत्सर्जन घटवण्याचे काही लाभ त्या त्या पातळीवरही मिळतात, आणि शिकण्याची संधी तर मिळतेच. ही त्यांच्या म्हणण्याची साधी मांडणी.

व्याख्यानातील वनविषयक भाग येथे विशेष महत्त्वाचा आहे. १६३ जंगलांच्या एका तुलनेत ७६ जंगले शासकीय संरक्षित क्षेत्रे होती आणि उरलेली ८७ सार्वजनिक, खाजगी किंवा सामुदायिक मालकीची होती. दोन्ही गटांत वनस्पतींच्या दाटपणात संख्याशास्त्रीय दृष्ट्या फरक आढळला नाही. फरक पडतो तो मालकीच्या पाटीने नव्हे. जंगल वापरणारे लोक त्यावर स्वतः लक्ष ठेवतात की नाही, यावर बरेच काही ठरते. ऑस्ट्रॉम यांचा या जिल्ह्याशी थेट संबंधही आहे, ही गोष्ट येथील व्याख्यानांत सहसा ऐकू येत नाही. हरिणी नागेंद्र यांच्यासमवेत २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात उपग्रहचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे जी वने तपासली, त्यांत पश्चिम बंगालमधील महानंदा आणि नेपाळमधील चितवन यांच्याबरोबर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पही आहे.

मध्य प्रांताच्या जुन्या मुलखात सामाईक संसाधन या संकल्पनेसाठी परका शब्द आणावा लागत नाही. ‘निस्तार’ हा शब्द येथे आहे. मालगुजारी नष्ट झाल्यावर १९५० च्या दशकात गावोगाव निस्तारपत्रके तयार झाली. जळाऊ लाकूड, बांबू, गवत, माती, गुरचराई यांवरचे गावाचे वहिवाटीचे हक्क त्यांत नोंदले गेले. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सर्वत्र ‘मामा तलाव’ म्हणतात, हेही सामाईक व्यवस्थेचेच उदाहरण. नेपाळमधील शेतकऱ्यांनी बांधलेले माती-लाकडाचे कालवे शासनाच्या सिमेंटच्या कालव्यांपेक्षा अधिक पीक देतात, असे ऑस्ट्रॉम यांनी आपल्या व्याख्यानात दाखवले. मामा तलावांचा इतिहास जाणणाऱ्यास त्यात आश्चर्य वाटणार नाही. तलाव शासनाकडे गेला, गाळ कोणी काढायचा याचा जुना करार मोडला आणि नवा झाला नाही, हे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांत पाहायला मिळते.

गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव हे उदाहरण तर जणू या व्याख्यानाची तळटीप आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम जानेवारी २००८ पासूनचे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये, म्हणजे ऑस्ट्रॉम यांच्या व्याख्यानाच्याच वर्षी, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पाचगावला तो २०१२ मध्ये मिळाला, सुमारे १००६ हेक्टरवर. पाचगावच्या ग्रामसभेने सर्वसहमतीने शंभरावर नियम केले. बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभा स्वतः करू लागली व मजुरी गावात मिळू लागली. सुमारे ३० ते ३५ हेक्टर जंगल काहीही न तोडता राखण्याचे ठरले. आणि तेंदूपत्ता संकलन बंद केले. या शेवटच्या निर्णयाचे महत्त्व जंगलाबाहेरच्या वाचकास पटकन कळणार नाही. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण चांगल्या पानांसाठी झुडपे छाटावी लागतात, जंगलाला आगी लावल्या जातात, आणि टेंभुर्णीची फळे ना माणसाला मिळतात ना प्राण्यांना. गावाने हिशेब केला आणि रोख पैसा सोडला. माधव गाडगीळ यांनी पाचगावविषयी मराठी आणि इंग्रजीत वारंवार लिहिले, त्यामागे हेच कारण असावे.

या निर्णयात हवामान बदल हा शब्द नाही. आग न लावणे, झुडूप न तोडणे, बांबू नियमाने काढणे, या सर्वांचा कार्बनशी संबंध आहे, पण पाचगावने ते कार्बनसाठी केले नाही. ऑस्ट्रॉम यांच्या विचाराची ही सर्वांत भक्कम बाजू : माणसे जगाच्या सरासरीसाठी वागत नाहीत. आपल्या आवाक्यातल्या गोष्टीसाठी नियम करतात आणि पाळतात, आणि त्याचा लाभ सरासरीलाही होतो.

मात्र येथे थांबल्यास ही चिकित्सा भाबडी ठरेल. एक ढोबळ हिशेब करून पाहावा. पाचगावच्या जंगलाने उदार अंदाजाने हेक्टरी वर्षाला ३ टन कार्बन डायऑक्साइड शोषला असे धरले, तर १००६ हेक्टरचे वर्षाचे ३००० टनांच्या आसपास होतात. चंद्रपूरचे वीजकेंद्र २९२० मेगावॉटच्या पूर्ण क्षमतेने चालले, तर एका तासात २९ लाख २० हजार युनिट वीज तयार होते. युनिटमागे साधारण एक किलो धरल्यास वायूचे २९०० टन होतात. एका गावाचे वर्ष आणि एका वीजकेंद्राचा एक तास बरोबरीचे भरतात. ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते, दूरच्या शहरांत दिवे आणि वातानुकूलन यंत्रे चालवते. ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासलेल्या यशस्वी उदाहरणांत संसाधन वापरणारे आणि नियम करणारे लोक बहुधा एकच असतात. कोळशाच्या बाबतीत तसे नाही. त्यांच्या ‘अनेक केंद्रां’च्या सिद्धांतात केंद्रे एकमेकांना पूरक असावीत अशी अपेक्षा आहे. परंतु एका केंद्राचे बळ दुसऱ्याच्या हजारपट असले आणि दोहोंचे हित आमनेसामने आले तर काय, याचे उत्तर त्या व्याख्यानात मिळत नाही. गडचिरोली जिल्ह्यात सुरजागड येथे लोहखनिजाचे उत्खनन सुरू झाल्यानंतर हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

असे असूनही तीन व्याख्यानांत ऑस्ट्रॉम यांचेच व्याख्यान या तालुक्याला सर्वांत जवळचे आहे, असे म्हणावे लागेल. अर्‍हेनियस यांच्या व्याख्यानात माणूस फक्त कोळसा जाळतो. नॉर्डहाउस यांच्या व्याख्यानात तो एक सरासरी उपभोक्ता आहे, किंमत वाढली की कमी वापरणारा. ऑस्ट्रॉम यांच्या व्याख्यानात तो बोलतो, भांडतो, नियम करतो, शेजाऱ्यावर लक्ष ठेवतो आणि चुकल्यास दंडही भरतो. व्याख्यान कोणाला कर्ता मानते यावर श्रोता पुढे काय करू शकेल हे ठरते. येथील साचेबंद व्याख्याने पहिल्या दोघांकडून माहिती घेतात आणि शेवटी झाडे लावण्याचे आवाहन करतात. कर्ता कोण याचा विचार मध्ये कोठेच झालेला नसल्याने ते आवाहन हवेत राहते. ज्या गावाने हजार हेक्टर जंगल राखले आहे, त्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला एक रोप लावण्याचा उपदेश करणे हे तर हास्यास्पदच आहे.

व्याख्यानाचे वेळापत्रक

गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २०११ मध्ये झाली आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन वनजिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. तोवर ही महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. वनजिल्ह्यांचे स्वतंत्र विद्यापीठ झाल्याने व्याख्यानांचा मजकूर बदलण्याला संधी आहे. निस्तारपत्रके, वनहक्कांचे दावे, ग्रामसभांचे हिशेब, मामा तलावांच्या नोंदी, पर्जन्यमापकांचे आकडे हे सर्व साहित्य याच दोन जिल्ह्यांत उपलब्ध आहे आणि ते मराठीत वाचता येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला पूर आला आणि ब्रह्मपुरी-गडचिरोली भागात नुकसान झाले. धरणाचे दरवाजे, पावसाचा जोर आणि पात्रातील वस्ती यांचा वाटा वेगवेगळा कसा काढायचा, हे शिकवण्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. सर्व पूर हवामान बदलावर टाकून मोकळे होणारा वक्ता विज्ञानाचेही नुकसान करतो आणि प्रशासनाचीही सुटका करतो.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणि हरित क्रेडिटचे नियम अधिसूचित केले. जंगल राखणाऱ्या ग्रामसभांकडे उद्या कोणी करारपत्र घेऊन येईल. त्यातील मुदत किती, वटाव कोणता, आग लागल्यास जबाबदारी कोणाची, बांबू तोडण्याचा हक्क राहतो की जातो, हे प्रश्न विचारता येण्यासाठी नॉर्डहाउस आणि ऑस्ट्रॉम दोघेही वाचावे लागतील. व्याख्यानाचा उपयोग येथे आहे.

शेवटचा मुद्दा तारखांचा. ही व्याख्याने प्रामुख्याने २८ फेब्रुवारी, ५ जून आणि १६ सप्टेंबर या दिवशी होतात, कारण विज्ञान दिन, पर्यावरण दिन आणि ओझोन दिन त्या तारखांना येतात. ५ जूनला महाविद्यालयांना सुटी असते आणि शेतकरी पऱ्ह्यांच्या तयारीत असतो. १६ सप्टेंबरला धानाच्या बांधीत निंदण आणि पाण्याची चिंता असते. फेब्रुवारीच्या अखेरीस मोहाचा हंगाम तोंडावर येतो. ग्रामसभा मात्र २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. २६ जानेवारीला धान घरात आलेले असते, उन्हाळा अजून दूर असतो आणि माणसांना बसायला वेळ असतो. झेंडावंदनानंतर भरणाऱ्या त्या सभेत उन्हाळ्याचे पाणी, वणव्याची गस्त आणि बांबूची तोड हे विषय पटलावर घेता येतात. बहि:शाल मंडळाच्या वक्त्याला तेथे अर्धा तास मिळाला, तर सभापत्रिका त्याला स्वतः करावी लागणार नाही.